यात बासरी नाही

दिगू गेल्याचा फोन त्याच्या बायकोने, अनघाने केला, तेव्हा मी सॉल्ट लेकमधल्या माझ्या बँकेत एका ग्राहकावर खेकसत होतो. त्याच्या न्यू टाउनच्या ऑफिसात, मीटिंग चालू असताना, खुर्चीतच... मी "अरे बापरे" म्हणालो, फोन ठेवला आणि त्या ग्राहकाचं राहिलेलं काम पुरं केलं. माणूस इतका कोडगा असू शकतो हे मला माझ्यावरूनच कळलं.

बदल्यांनी कोलकात्यात आणून टाकलेले आम्ही दोन मराठी. दिगूला एकच वेड होतं, कुणाला ठाऊक नसलेले गायक शोधून काढायचं. पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही, राहत्या खोलीत रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलेली गाणी. रविवारी सकाळी नऊला तो ऑटोने माझ्याकडे यायचा, खिशातून मुठीएवढा स्पीकर काढायचा आणि गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा त्याचा दंडक. मी पोह्यांतले दाणे वेचत बसायचो. एरवी तो मोबाइलवर गाणी पाठवायचा आणि मी ती न ऐकताच "सुंदर!" लिहून मोकळा व्हायचो. खरं सांगितलं असतं तर तो यायचा थांबला असता, आणि मग या शहरात मी मराठीत भांडणार कुणाशी? हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटायचं. माझं ते "सुंदर" मात्र तो इमानेइतबारे त्या त्या गायकाला कळवायचा. वर लिहायचा, माझ्या मित्राचा कान तयार आहे.

एकदा त्याने बराकपूरच्या शिउलीला माझ्या घरी आणलं. ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीत गाणी रचायची. तिचं गाणं मला आवडल्याचं दिगूने कळवलं होतं, ते तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी ठोकून दिलं, "उसमें जो बाँसुरी है ना... बहुत बढ़िया!"

ती गोंधळली. "किन्तु दादा, बाँसुरी तो है ही नहीं उसमें. सिर्फ गिटार है."

मी काही बोलायच्या आत दिगू घाईने म्हणाला, "इसका फोन पुराना है, आवाज़ फटती है." ती हसली. तो हसला नाही. निघताना, ती जिना उतरून पुढे गेल्यावर, मला एवढंच म्हणाला, "आवडलं नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं रे."

त्यानंतरही तो येत राहिला, गाणी पाठवत राहिला. फक्त प्रत्येक गाण्याखाली एक ओळ असायची, 'यात बासरी नाही.' मी ती बँकेत सगळ्यांना दाखवून खिदळायचो. मग एका गुरुवारी शिउलीचं नवं गाणं आलं. खाली लिहिलं होतं, 'यात बासरी आहे. अगदी शेवटी. ऐकून सांग.' मी डबा खाता खाता लगेच उत्तर दिलं, 'वा! शेवटची बासरी काळजाला भिडली.' दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. रविवारी तो आला नाही. सोमवारी गेला.

एरवी फक्त गणपतीत जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळाच्या शोकसभेत मी बोललो. त्याने पाठवलेल्या शेवटच्या गाण्याबद्दल, त्यातल्या बासरीबद्दल. बोलता बोलता रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच जास्त लाजिरवाणं. बायकांनी डोळे पुसले. शिउली मागच्या रांगेत बसली होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण तेवढा शब्द कळला असावा. बाहेर चपला घालताना ती हळूच म्हणाली, "दादा... फिर से बाँसुरी?"

घरी येऊन मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. गिटार, तिचा आवाज, पुन्हा गिटार. शेवटी काहीच नाही. दिगूने मला आणखी एक संधी दिली होती आणि माझं उत्तर वाचूनच तो गेला.

पंधरा दिवसांनी अनघाने तो स्पीकर माझ्याकडे आणून दिला. "तुम्ही दोघंच ऐकायचात ना, भाऊजी. तुमच्याकडेच असू दे." मी नको म्हणालो नाही. आता रविवारी नऊला तो टेबलावर ठेवतो, पोहे बाजूला सारतो आणि ते गाणं संपेपर्यंत बोलत नाही.

मधलं कडवं फार लांबलंय, दिगू. ते मला आवडलं नाही.