तिघांचं पाणी

तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट रिकामं झालं. त्यानंतर महादेवावर माझी श्रद्धा उरली होती की नुसतं भांडण, हे मलाच सांगता येत नव्हतं. उपास मात्र चालू होते. सोमवार, गुरुवार, शनिवार. मंगळवारी जेवायची, तेही घाबरत घाबरत. कमरेला इतके दोरे की तपासताना डॉक्टरीणबाईंना आधी गाठीच सोडवाव्या लागायच्या. आणखी एकदा प्रयत्न करता येईल, पण आधी मनानं सावरा, असं त्या म्हणाल्या होत्या. माझं मन तर कुणी "लेकरं किती?" विचारलं तरी मोडायचं. लग्नकार्यात मी जेवणाच्या पंगतीपेक्षा त्या प्रश्नालाच जास्त भ्यायची.

त्या शिवरात्रीला आम्ही दोघं आरमोरीहून मार्कंड्याला गेलो. ज्या मार्कंडेयाला महादेवानं यमाच्या हातून सोडवलं, त्याच्याच गावी आपलं गाऱ्हाणं कसं ऐकलं जाणार नाही, असा माझा हुशार विचार. हे दर्शनाच्या रांगेत उभे राहिले आणि मी महादेवाला वाहायचं पाणी आणायला गडवा घेऊन वैनगंगेवर गेले. आंघोळीच्या गर्दीनं काठचं पाणी ढवळलेलं, म्हणून सगळ्यांसारखा मीही रेतीत हातभर खड्डा करून झिरा उकरला. झिऱ्यात पहिलं पाणी गढूळच येतं. ते उपसायचं आणि मग हात न लावता बसायचं, एवढंच काम. मला तेवढंही जमेना. जरा पाणी साचलं की मी गडवा बुडवायची, आणि पुन्हा चिखल.

शेजारच्या झिऱ्याजवळ जंगलाकडच्या गावची एक म्हातारी बसली होती. बराच वेळ माझा तमाशा बघून तिनं माझं मनगट धरलं. "हात काढ, बाई. आता त्याले येऊ दे."

मी हात काढला. पाणी यायची वाट बघता बघता तिनं तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाहीत.

"झालेच नाईत, का राह्यले नाईत?"

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. "राहिले नाहीत," मी म्हणाले. "तीन."

"मंग तीन म्हन ना. नाईत काऊन म्हनते?"

मी रडले. तिनं समजूत घातली नाही, नुसती बसून राहिली. झिरा नितळला तेव्हा तिनं माझी ओंजळ भरली. म्हणाली, "महादेवाले मंग देजो. आधी लेकराईले पाजव." मी तीन ओंजळी वैनगंगेत सोडल्या. ज्यांचं बारसं नाही, तेरावं नाही, त्यांना त्या दिवशी आईच्या हातचं काहीतरी मिळालं.

मग तिनं माझ्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे का, असं विचारलं. नव्हता. ती उठून गर्दीत गेली. ती पार्वतीच होती, असं हे आजही ठामपणे सांगतात. पार्वती खर्रा मागेल असं मला वाटत नाही. पण मागितलाच, तर नाही म्हणणारी मी कोण?

पुढे आम्हाला मूल झालं नाही. एकदा आशा केली, निवांतपणे केली, आणि निवांतपणेच सोडली. माझं मागणं महादेवानं पुरवलं नाही. तरी माझी ओंजळ त्यानं रिकामी ठेवली नाही, हे मी रोज दिवा लावताना मान्य करते.

मार्कंड्याला आम्ही दर शिवरात्रीला जातो. यंदा माझ्या झिऱ्याशेजारी एक तरुण पोरगी घाईनं रेती उपसत होती, पाणी गढूळच. उगाच बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "मावशी, तुमाले लेकरं किती?"

"तीन," मी म्हटलं, आणि तिला बसायला जागा करून दिली.