धुरपताच्या माहेरचं रक्त

धुरपताला कोणी विचारलं, बाई तुझं माहेर कुठलं, की ती हात नदीपलीकडे करायची आणि म्हणायची, "तिकडं." नदीपलीकडे जंगल आहे, आणि जंगल काही लहान नाही. विचारणारा तिथेच थकायचा. चाळीस वर्षं हे असंच निभलं.

भामरागडच्या अलीकडे नदीकाठी पंधरा-वीस घरांचं तिचं गाव. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. चार बांध्या म्हणजे शेताच्या चार तुकड्यांतलं धान, उन्हाळ्यात मोह, मग तेंदूपत्ता, मधे चारोळी आणि डिंक, एवढ्यावर तिचा संसार. अंगात ताप असला तरी मोहाखाली टोपली घेऊन हजर. "ताप उद्याबी येते," ती म्हणायची, "फूल येत नाई." एकच लेक, स्वाती. ती चामोर्शीकडे दिनेशला दिलेली. धुरपताचं सासर पाच देवाचं, जावई सात देवाचा, म्हणून सोयरीक जमली. कुळं पुजत असलेल्या देवांच्या संख्येवरून ओळखतात; सारख्या देवांचे सगळे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. आणि मुलगी सासरी गेली की तिचे देव बदलतात. मागचे देव मागे राहतात. धुरपताला हा रिवाज फार सोयीचा पडला होता. तिला मागचं बरंच काही मागेच ठेवायचं होतं.

त्या वर्षी पौषात स्वातीची दाढ दुखली. बाजारात दात काढणाऱ्याकडून तिनं ती उपटून घेतली, आणि रक्त थांबेना. तीन दिवस कापसाचे बोळे बदलत राहिले. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं तिला वर पाठवलं, तिथून नाव कुठल्या तरी वहीत गेलं, आणि मोह पडायच्या दिवसांत धुरपताच्या अंगणात एक जीप येऊन उभी राहिली.

जीपमधून डॉक्टर दिव्यानी उतरली. वय असेल तीस, पायात कापडी बूट, डोक्याला ओढणी. रक्त न गोठण्याच्या आजाराचं संशोधन करायला ती या दोन जिल्ह्यांतली गावं फिरत होती. बरोबर बर्फाची पेटी आणि गरगर फिरणारं एक यंत्र. निळ्या बुचाच्या नळीतलं रक्त चार तासांच्या आत त्यात फिरवावं लागतं, नाहीतर ते काही सांगत नाही, असं तिचं म्हणणं.

"रक्त निघालं की दुधाचं दही व्हावं तसं विरजायला पाहिजे, आई," तिनं समजावलं. "काहींच्यात विरजणच कमी असतं."

धुरपताच्या घरी ना गाय ना दही. पण तिनं आपल्यापुरतं लावून घेतलं. धावड्याला घाव पडला की डिंक येतो आणि घाव बुजतो. ज्या झाडाला डिंक नाही ते वाहत राहतं.

"मग तुमच्या रक्ताची माणसं कोण कोण?" दिव्यानीनं कागद पुढे ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

धुरपतानं पाच देवाची सगळी माणसं सांगितली. नवऱ्याचे भाऊ, त्यांची मुलं, चुलतभाऊ. लेकीचं रक्त बापाचं नाही तर कोणाचं? त्या गावात कोणालाही विचारा, हेच सांगेल.

"आणि तुमच्या माहेरचं?"

"तिकडं कोणी नाई आता."

हे खोटं नव्हतं. कोणी नव्हतंच.

अकरा जण रांगेनं बसले. थोरला दीर लटारू सगळ्यात आधी, कारण बिस्किटांचा पुडा त्याला दिसला होता. "घ्या मॅडम घ्या," तो बाही वर करत म्हणाला, "आमच्या इथले मच्छर त फुकट पेतात. तुमी बिस्किट तरी देऊन राह्यल्या." सगळे हसले. धुरपताही हसली, पण जरा उशिरा, आणि आपली बाही तिनं वर केली नाही.

पंधरा दिवसांनी ती मोहफुलं घेऊन चामोर्शीच्या बाजाराला गेली आणि तशीच लेकीकडे. स्वातीला पाचवा सरला होता. विहीण सुगंधाबाईंनी तिला हिरवा चुडा भरला होता, पाहुण्यांना दाखवावी तशी सून ओसरीवर बसवली होती. बोलायला फटकळ बाई, पण हाताची सढळ. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आषाढात स्वाती धुरपताकडे जाणार, हे ठरलेलंच होतं.

दिव्यानी तिथेच आली. अकराही जणांचं रक्त चांगलं निघालं होतं.

"मंग झालं," सुगंधाबाई म्हणाल्या. "रक्त जरा पातळ असंल पोरीचं. बीट खाऊ घालतो."

"झालं नाही, मावशी. स्वातीचं विरजण निम्म्याहून कमी आहे. हे आलं कुठून, तेच कळत नाही." तिनं कागद मांडीवर पसरला. लटारूकडची बाजू चौकोनांनी भरली होती. धुरपताच्या गोलावर मात्र काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद. "हा आजार बहुतेक आईच्या बाजूनं येतो. आई तो वाहून आणते, भोगतात मुलगे. मुलगा झाला आणि त्याच्यात असला, तर जन्मताना चिमट्यानं ओढायचं नाही, सुया टोचायच्या नाहीत. आईचंही रक्त थांबणार नाही, ते वेगळंच. आई, तुम्हाला भाऊ किती?"

"एकबी नाई," धुरपता म्हणाली. हेही खोटं नव्हतं.

दिव्यानीनं पेनाला टोपण घातलं. "अशी किती घरं या जंगलात आहेत, आम्हाला माहीत नाही," ती कागद गुंडाळत म्हणाली. "मुलं मरतात आणि कागदावर येतच नाहीत. म्हणून दारोदार विचारत फिरतो."

धुरपतानं रिकामी टोपली उचलली. बसची वेळ झाली होती. स्वाती बसपर्यंत पोचवायला आली. हात हलवून निरोप देताना तिचा चुडा खाली घसरला आणि धुरपताला तिच्या मनगटाभोवती जांभळं-निळं कडं दिसलं. कासाराने बांगड्या चढवताना जरा दाबलं असेल, एवढंच.

"हे कधीचं?"

"आठ दिवस झाले, माय. दुखत नाई."

धुरपतानं हा रंग पाहिला होता. कोलूच्या नडगीवर. कोलू तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. चारोळीच्या झाडावरून घसरला. खरचटलंही नाही, पण गुडघा सुजून बेलफळाएवढा झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात तो गेला. त्याच्या आधी गेलेला तान्हा रांगताना पडला, ओठ फुटला आणि पाच दिवस गळत राहिला. दोन पोरं अशी गेल्यावर गावानं दुसरा अर्थ काढला. ही बाई आपलीच पोरं खाते. आईनं धुरपताचा हात धरला आणि रातोरात नदी ओलांडली. मरेपर्यंत तिनं एकच शिकवलं होतं: इकडं कोणाले काई सांगू नको.

बस हलली. आता सांगितलं तर लेक त्या बाईची नात ठरणार. सात देवाच्या घरात वंश बुडवणारी आली म्हणून तिला दारात उभी करणार नाहीत. नाही सांगितलं तर पोर आषाढात आपल्याकडे येणार, नदी पुलावरून जाणार, आणि रस्ता आठ दिवस बंद.

"थांबवा!" ती ओरडली.

"आता त बसली, आजी. काय विसरल्या?" कंडक्टरनं विचारलं.

"विसरली नाई रे बाप्पा. तेच त दुखणं आहे."

अंगणात दिव्यानी चहाचा कप खाली ठेवत होती. धुरपता तिच्यासमोर उकिडवी बसली, सुगंधाबाईंकडे न बघता. "लिव," ती म्हणाली. "माह्या गोलाच्या बाजूले दोन चौकोन काढ. कोलू, नऊ वर्षांचा. तान्ह्याचं नाव ठेवलंच नव्हतं."

तिनं सगळं सांगितलं, आईवरचा आळही. दिव्यानीनं आजाराचे म्हणून दोन्ही चौकोन काळे केले आणि गेलेल्यांची तिरपी रेघ त्यांवर मारली. स्वाती रडत होती. सुगंधाबाई उठल्या.

"लग्नाच्या वक्ती काऊन नाई सांगितलं?"

"सांगतलं असतं त तुमी पोरगी केली असती काय, ईनबाई?"

सुगंधाबाई चहाचा कप उचलून आत गेल्या. धुरपताचं रक्त निळ्या बुचाच्या नळीत गेलं, आणि जे निघायचं तेच निघालं.

स्वाती आषाढात माहेरी आली नाही. दिवस भरायच्या आधीच तिला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. श्रावणात नदीनं गावाचा रस्ता तोडला, तेव्हा धुरपता त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून होती. मुलगा झाला. नाळेतलं रक्त घेऊन दिव्यानी पळाली. स्वातीचं रक्त दोनदा उसळलं, पण औषध हाताशी होतं, थांबलं. आणि मुलाच्या रक्ताचा कागद आला. कोलूचं होतं तेच.

"हा मरणार नाही," दिव्यानी म्हणाली. "पण जन्मभर सुई लागेल, आणि जपावं लागेल."

सुगंधाबाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसत. डबा दोघींचा येई, पण धुरपताचा दिनेशच्या हाती. त्या दिवसापासून चार महिने एक शब्द नाही. गोष्ट बाजारात पोचायला मात्र दोन दिवसही लागले नव्हते. धुरपता जवळून गेली की एखादी बाई आपलं लेकरू पदराआड घ्यायची. धुरपता पुढे जायची. या गोष्टीचं वळण तिच्या ओळखीचं होतं.

दसरा झाल्यावर ती नातू बघायला चामोर्शीला गेली. गेल्याबरोबर तिला दिसलं, ओसरीवर खुंटीला असायचा तो विळा नव्हता. उखळाच्या दगडाला पोतं गुंडाळलेलं. आणि अंगणाच्या कडेला सुगंधाबाई वाकून बोराटीच्या काट्यांचं कुंपण उपटत होत्या. हात ओरबाडलेले, तोंड रागाचं.

"आता दोन महिन्याचं आहे," धुरपता हळूच म्हणाली. "रांगायले वेळ आहे त्याले."

सुगंधाबाईंनी वर पाहिलं नाही. एक फांदी ओढून बाजूला फेकली.

"काटे मोडून मातीत राह्यते," त्या म्हणाल्या. "मले जवळचं दिसत नाई. बसा इथी आन वेचा."

धुरपतानं टोपली खाली ठेवली. मोह वेचायला बसतात तशी ती उकिडवी बसली आणि एकेक काटा टोपलीत टाकू लागली.