नजराणा वेगळ्या घरातला

माझ्या व्याह्यांसारखा बिनकामाचा छंद जिवाला लावून घेतलेला माणूस बोरिवलीपासून भांडुपपर्यंत दुसरा सापडायचा नाही. लोक आखातातून सोनं आणतात, टीव्ही आणतात. हे मस्कतच्या गोदामात उमेदीची सगळी वर्षं घालवून परत आले ते उशीएवढी जाड अरबी डिक्शनरी घेऊन. मी सातवी नापास, जन्मभर लेथ चालवलेला माणूस. ते सांगायचे, अरबीत तीन अक्षरांचं एक मूळ असतं आणि त्याला शब्दांची पोरं होतात. त्यांचं लाडकं मूळ नून, झा, रा. अर्थ काय, तर बघणं. नजर त्यातली, नजारा त्यातला, कोर्टातला नाझरही त्यातलाच, देखरेख करणारा. हे खानदान ते बारशाला आलेल्या बायकांना ऐकवायचे, रिक्षावाल्यालासुद्धा सोडायचे नाहीत. एकदा त्यांची सून, म्हणजे माझी लेक, सहज म्हणाली, "बाबा, नजराणा पण त्यातलाच ना?" तर माणूस भरल्या ताटावरून उठला. "नजराणा वेगळ्या घरातला! त्याचं मूळ म्हणजे नवस. त्याला इकडे घुसवू नकोस!"

लग्नाच्या बैठकीत तर यांनी वाटच लावली होती. सगळं ठरलं, मी म्हटलं, "मंजूर." यांनी एकदम हात वर केला. "थांबा! मंजूर म्हणजे मुळात बघितलेलं. व्याही, मुलगा नीट बघितलात का?" बैठक गार. माझ्या मेव्हण्याला वाटलं, पोरात काहीतरी खोट आहे. तो चपला शोधायला लागला. तेवढ्यात आमची ही पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. "बघितलाय हो मुलगा. आता तुम्ही पोहे बघा आणि सांगा, मग पुढे?"

त्या दिवसापासून "मग पुढे?" विचारणारं एक माणूस त्यांना मिळालं. ही नातवाची दृष्ट काढायला मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन बसली की हे मागे उभे. "विहीणबाई, आपण दृष्ट म्हणतो, ते नजर म्हणतात. दोन्हीकडे बघणंच." "मग पुढे?" "पुढे म्हणजे..." "पुढे तुम्हीच बसा पाटावर. एवढे शब्द घेऊन हिंडता, तुम्हालाच लागायची." मग त्यांचीही दृष्ट निघायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

ही आयसीयूत होती तेव्हा व्याही माझ्याशेजारी बाकड्यावर बसून असायचे. एकदाच बोलले, "इंतजारही त्याच मुळातला, व्याही. वाट बघतोय ना आपण, ते बघणंच." मी आयसीयूच्या दाराकडे बघत राहिलो. ही गेली.

त्यानंतर व्याह्यांनी तोंडातून एकही अरबी शब्द काढला नाही. रविवारी येतात, लेकीने दिलेला डबा ठेवतात, हिच्या फोटोखाली बसतात आणि विचारतात, "पाणी वेळेवर येतं का हल्ली?" येतं म्हणतो. झालं. टीव्ही मी लावत नाही, घर खायला उठतं. वाटतं, बोला की हो, पूर्वीसारखं काहीतरी बोला. पण असं मागायचं कसं?

परवा आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ही असती तर आधी पाट मांडला असता. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले होते. मी उठलो.

"बसा."

"बसलोय की."

"खुर्चीवर नाही हो, पाटावर!"

मिरच्या सापडल्या, मोहरीसाठी सगळे डबे उघडले. ओवाळायला लागलो आणि कळलं, ही तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायची ते मला माहीतच नाही. मुक्याने दृष्ट कशी काढायची? येत होतं ते म्हटलं. "नजर... नजारा... नाझर... मंजूर..." अडकलो. "नजराणा."

"नजराणा नाही हो!" पाटावरून व्याही कडाडले. "किती वेळा सांगायचं, तो वेगळ्या घरातला! इथे इंतजार पाहिजे, इंत..." आणि आवाज फुटला.

मी मिरच्या तव्यावर टाकल्या. उद्या डोळ्याचं ऑपरेशन आणि आज हा धूर, डॉक्टरने मलाच झोडलं असतं. असा ठसका लागला की विचारू नका. ही म्हणायची, ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. नव्हती तर नव्हती. डोळे दोघांचेही वाहत होते.

गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि त्यांच्यासमोर खालीच बसलो.

"मग पुढे?" मी विचारलं.