कागदावर नसलेले चौदा महिने

"काय हो शिंत्रे, श्रीलंकेला तुम्ही स्वप्नात जाऊन आलात की काय?"

प्रजासत्ताक दिनाच्या दुपारी, मंडळाच्या हॉलमध्ये, पुरीभाजीची ताटं वाढून झाल्यावर धनंजय सुर्व्यांनी सगळ्यांदेखत हे विचारलं. सुर्वे हवाई दलातून निवृत्त झालेले, आता लखनौच्या महाराष्ट्र मंडळाचे सचिव. परदेशात सेवा केलेल्या मराठी माजी सैनिकांचा सत्कार करायचा म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागवली होती. माणिकराव शिंत्र्यांच्या पुस्तकात परदेश सेवेच्या रकान्यापुढे लिहिलं होतं, 'निरंक'. मेडलांच्या यादीत फक्त नोकरीची वर्षं भरली म्हणून सगळ्यांना मिळतात ती.

चारदोन लोक हसले. माणिकराव म्हणाले, "पुस्तकात नाही खरं," आणि पुरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

पलीकडे बायकांच्यात देविका श्रीखंड वाढत होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. नवऱ्याची चेष्टा झाली याचा राग होताच, पण त्याहून जास्त ती चक्रावली त्या एका शब्दानं. निरंक? मग ते चौदा महिने कुठले होते? लग्नाला सात महिने झाले आणि हा माणूस शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेला. ती तेव्हा गडहिंग्लजजवळ माहेरी. रोज दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडून हा जिवंत परत येऊ दे, एवढंच मागायची. ते सगळं निरंक?

माणिकराव फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. शेवटची बदली पुन्हा लखनौलाच झाली, समीरची शाळा इथली, म्हणून तेलीबागेत लहानसं घर बांधून राहिले ते कायमचे. गल्लीत त्यांना सगळे 'कंपाउंडर साहब' म्हणतात. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाचं बीपी बघायचं असो, माणिकराव चपला सरकवून निघाले. सब्जीवाल्यानं चुकून किलोचे सव्वा किलो टोमॅटो घातले तर वरचे काढून परत ठेवणारा माणूस. त्याला लबाड म्हटलेलं देविकाच्या मनाला लागलं. घरी येईपर्यंत तिनं ठरवलं होतं की हे पुस्तक दुरुस्त करून घ्यायचं.

"जाऊ दे गं," माणिकराव म्हणाले. "मी गेलो होतो ते मला ठाऊक आहे. पुरे झालं."

"तुम्हाला ठाऊक असून काय उपयोग? तिथं चारचौघांत तुमचं हसं झालं."

"हसू दे की. कशाला जुनं उकरतेस?"

पुढच्या चार महिन्यांत हे वाक्य तिनं निदान दहा वेळा ऐकलं असेल. तिला वाटे, हा यांचा साधेपणा. स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा स्वभावच आहे यांचा.

अर्ज समीरनं लिहिला. तो अमौसीला विमानतळावर नोकरीला आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो. "आई, पापा को खुद इंटरेस्ट नहीं है, आप क्यों दौड़ रही हो?" असं म्हणत म्हणत त्यानं अर्ज भरला, खाली वडिलांची सही घेतली. माणिकरावांनी न वाचताच केली.

दीड महिन्यानं उत्तर आलं. रेकॉर्डप्रमाणे त्या काळात हवालदार शिंत्रे लखनौच्याच फौजी इस्पितळात हजर होते. दुसरा पुरावा असल्यास सादर करावा.

देविका उत्तर हातात धरून बसून राहिली. नवरा श्रीलंकेत असताना कागदावर तो लखनौत होता! ट्रंकेतून तिनं त्या वेळची पत्रं काढली, फडक्यात बांधली आणि दोन बस बदलून रेकॉर्ड ऑफिस गाठलं. खिडकीपलीकडे विनीता नावाची क्लार्क होती, तिशीतली, बोलकी. तिनं पत्रं उलटीपालटी केली.

"माताजी, इनसे कुछ नहीं होगा. सब पर फौजी डाक का एक ही नंबर है. आदमी लद्दाख में हो या लंका में, नंबर वही."

मग तिनं समजावून सांगितलं. फौजेत माणूस इकडचा तिकडे गेला, त्याला मूल झालं, तो रजेवर गेला, काहीही घडलं तरी त्याचा 'पार्ट टू ऑर्डर' निघतो. तो निघाला तरच सर्व्हिस बुकात नोंद होते. माणिकरावांना घाईघाईत एका पायदळ पलटणीला जोडून पाठवलं होतं. इस्पितळाला वाटलं ऑर्डर पलटण काढेल, पलटणीला वाटलं इस्पितळ काढेल. कुणीच काढला नाही.

"और जो पार्ट टू में नहीं छपा, वो हुआ ही नहीं," विनीता म्हणाली. "पर हिम्मत मत हारिए. पुराने यूनिट की फाइल मँगवाती हूँ. कोई न कोई चिट्ठी तो आई-गई होगी."

देविकानं मनातल्या मनात मारुतीला बोलून ठेवलं. नोंद झाली तर पुढच्या ज्येष्ठात आपल्या हातानं सरबत वाटीन.

विनीताचा फोन आला तो नेमका बड्या मंगळाच्या दिवशी, लखनौत ज्येष्ठातल्या मंगळवारी मारुतीच्या नावानं रस्त्यावर जेवण वाटतात त्या दिवशी. रस्तोरस्ती भंडारे लागलेले, पुरीसब्जीच्या रांगा, ऑटो इंचाइंचानं सरकत होता. कुणीतरी ऑटोत हात घालून सरबताचा ग्लास दिला, तो तिनं डोळे मिटून प्रसाद म्हणून घेतला. आज मंगळवारी बोलावणं आलं म्हणजे काम झालंच, अशी तिची खात्री.

"माताजी, मिल गया!" खिडकीशी पोचायच्या आधीच विनीता म्हणाली. "ऐसा पक्का सबूत कि कोई काट नहीं सकता. पलटन की मुहर, तारीख, जगह का नाम तक है, त्रिंकोमाली. और नीचे अंकल के दस्तखत."

"काय आहे पण?" देविका मराठीतच बोलून गेली. इंग्रजी टाइप केलेला जुना कागद, तिला त्यातली फक्त सही ओळखू आली.

विनीता उत्साहानं वाचून हिंदीत सांगायला लागली. "चौदह सितंबर अठासी. घर से तार मिला कि नवजात बेटी का देहांत हो गया, पत्नी गंभीर. बीस दिन की छुट्टी मंजूर की गई. और ये अंकल का अनविलिंगनेस सर्टिफिकेट. जवान को कोई चीज मिल रही हो और वो न ले, तो फौज लिखवा लेती है. 'मैं अपनी मर्जी से छुट्टी पर नहीं जाना...'"

ती मध्येच थांबली. कागदावरून तिची नजर देविकाकडे गेली.

"आप... वो पत्नी..."

देविकानं खिडकीची लोखंडी पट्टी धरली होती. मुलगी झाली होती, नऊ दिवस जगली. बारसंसुद्धा झालं नव्हतं. देविकाला ताप चढलेला, दातखीळ बसलेली. बाबांनी घाबरून तार केली ती लग्नाच्या वहीतल्या लखनौच्या पत्त्यावर. नंतर माणिकरावांचं पत्र आलं होतं, 'तार फिरत फिरत महिन्यानं मिळाली. वेळेवर मिळाली असती तर उडत आलो असतो.' ते पत्र तर आत्ता तिच्या पिशवीत होतं. गेली सदतीस वर्षं तिनं त्या तारेला दोष दिला होता, पोस्टाला दिला होता, पत्ता चुकवला म्हणून स्वतःच्या बापाला दिला होता. बाबा गेले तेव्हासुद्धा मनात ते होतंच.

आणि कागदावरच्या तारखेप्रमाणे, लखनौहून पुढे धाडलेली तार तिसऱ्याच दिवशी पोचली होती.

"पानी पिएँगी?" विनीतानं विचारलं.

मारुतीराया, मी हे मागितलं होतं का?

घरी माणिकराव अंगणात कूलरच्या जाळीतला वाळा बदलत होते. देविकानं विनीताकडून आणलेला कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला नाही. दुरूनच ओळखला त्यांनी तो.

"मिळाला म्हणायचा," ते म्हणाले.

"तार कधी मिळाली होती तुम्हाला?"

"तिथंच लिहिलंय."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तिसऱ्या दिवशी." त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. "मेजरसाहेब म्हणाले, जा. गाडीसुद्धा उभी होती. मी एकटाच नर्सिंगवाला होतो, जखमी सोडून कसा येणार, असं सांगितलं असतं तर तू मानलं असतंस. पण दोघं होतो आम्ही."

"मग?"

"भ्यालो."

"कशाला? गोळ्यांना नाही भ्यालात ते!"

"तारेत तू गंभीर म्हणून होतं. मला वाटलं, मी पोचेपर्यंत तूही गेलेली असशील. गेलो नाही तर कळणार नाही. आणि कळत नाही तोवर तू आहेस." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "मग तुझं पत्र आलं. तू जिवंत. आता काय तोंडानं लिहू? म्हणून तारेवर ढकललं."

देविका आत गेली. कुकर लावला, शिट्ट्या मोजायची विसरली, भात करपला. रात्रीचं जेवण कुणी धड केलं नाही. दुसऱ्या दिवशीही जपाला बसली तर माळ बोटातच राहायची, नाव तोंडात यायचं नाही. ज्या माणसाचं अंथरूण, जेवण, दुखणं सगळं पाठ आहे असं ती समजत होती, तो ताटासमोर बसला की तिला अनोळखी वाटायचा.

"आई, प्रूफ तो मिल गया ना? फिर प्रॉब्लेम क्या है?" समीरनं विचारलं. त्याला आपल्याआधी एक बहीण झाली होती एवढंच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी माणिकराव म्हणाले, "अर्ज मागं घेऊ. सुर्व्यांना म्हणू दे काय म्हणायचं ते. हा कागद जोडला की तो चार ठिकाणी वाचला जाणार."

"वाचू दे."

"देविका..."

"तुम्ही तिथं होता की नाही?"

"होतो."

"मग तसं कागदावर लागू दे. आणि आला नाहीत, तेही लागू दे. मला आता कुठलंच निरंक नको घरात."

कैसरबागेत कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली नोटरी बसतात. तिथं एका म्हाताऱ्या वकिलानं शपथपत्र टाइप करवून घेतलं. चौदा महिने श्रीलंकेत होतो, त्याची नोंद नाही, पुराव्यादाखल पलटणीचं पत्र आणि स्वतःहून रजा नाकारल्याचा दाखला सोबत. नुसती सही करून निघायची पद्धत होती, पण देविका म्हणाली, "पूरा पढ़कर सुनाइए इनको." वकिलानं तिच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं वाचलं. बाजूच्या टाइपिस्टनं हात थांबवले.

"बेटी का नाम लिखना है?"

"नाम नहीं रखा था," देविका म्हणाली.

"ठीक है. शिंत्रेजी, जो पढ़ा, सब सच है?"

माणिकराव वकिलाकडे नाही, देविकाकडे बघत होते. "हाँ. सच है," ते म्हणाले आणि सही केली. सही करताना पेन दोनदा अडकलं.

तिथून ते तडक रेकॉर्ड ऑफिसला गेले. विनीतानं कागद घेतले, शिक्का मारला, पोच दिली. "एंट्री हो जाएगी अंकल. विदेश सेवा का मेडल भी आएगा, थोड़ा टाइम लगेगा." देविकाशी नजर भिडली तेव्हा ती नुसती मान हलवून फायलीत बघायला लागली.

परतताना ई-रिक्षात दोघं समोरासमोर बसले. छावणीतून येताना दोन्ही बाजूंना झाडं, ऊन जरा कमी. देविकाला वाटलं होतं, सही झाली की आत काहीतरी हलकं होईल. तसलं काहीच झालं नव्हतं. मोकळी जागा झाली होती एवढंच, आणि तिथं काय ठेवायचं ते कळत नव्हतं.

"कशी होती गं?" माणिकरावांनी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही कुणाबद्दल. मग कळलं. सदतीस वर्षांत या माणसानं हे एकदाही विचारलं नव्हतं. यांना सोसणार नाही म्हणून तिनंही कधी विषय काढला नव्हता.

"केस खूप होते," ती म्हणाली. "काळेभोर, इथपर्यंत." तिनं कपाळावर बोट ठेवलं.

"आणखी?"

तिनं तोंड उघडलं. नाक, डोळे, हनुवटी, काहीतरी येईल म्हणून ती थांबली. चेहऱ्यातलं काहीच आठवेना. रिक्षा तेलीबागेच्या वळणावर आली, तिचं बोट अजून कपाळावरच होतं, आणि माणिकराव पुढे वाकून वाट बघत होते.