कीटण परत लावून द्या

लिंबाजीकाकांनी आरशात पाहिलं. तोंड मिटलं. परत उघडलं, परत पाहिलं. मग आरसा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "कंपाउंडर, माया दाताईतून हवा जाऊन राह्यली."

मी शाबासकीची वाट पाहत उभा होतो. तासभर त्यांच्या तोंडावर वाकून माझी कंबर धरली होती.

"काका, दात साफ झाले. मधातली घाण गेली. आता हवा जाणारच."

"आन् हे काऊन हालून राह्यले?" त्यांनी जिभेने खालचे पुढचे दात ढकलून दाखवले. तीन दात खरोखरच हलत होते. "पुढच्या सोमवारी माया वयाचा बोर्ड हाये. आलो तवा पंचावन्नचा होतो. तुमी साठीचा करून सोडला."

मी डेंटल हायजिनिस्ट. दात काढणं, दात भरणं हे डॉक्टरचं काम. दात साफ करणं आणि ते साफ कसे ठेवायचे हे लोकांना सांगणं, हे माझं. ऐंशीच्या दशकात हैदराबादला राहून मी याचा रीतसर कोर्स केला. इचोड्याला आमचं किराणा दुकान. कोर्स करून घरी आलो तेव्हा वडील गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दुसऱ्याचे दात घासाले शिकून आला लेकाचा." त्याच दुकानात लाल मंजनाच्या डब्यांची रास असायची आणि माझी फी बरीचशी तिच्यातूनच निघाली होती. पेशंटना मी हे सांगत नसे.

नोकरी लागली बेल्लमपल्लीला, कोळसा खाणींच्या गावात, एका खासगी दवाखान्यात. डॉक्टर तेलुगू, मितभाषी. माझ्या हुद्द्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने पहिल्याच आठवड्यात मला कंपाउंडर करून टाकलं. पेशंट खूश असला की "कंपाउंडरसाहेब", नाराज असला की नुसता "कंपाउंडर". एवढ्यावरून मला काम कसं झालं ते कळायचं.

येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असे. कोणती पेस्ट चांगली? मी सांगायचो, कोणतीही घ्या, काम ब्रश करतो, तो नीट फिरवा. समोरचा चेहरा पडायचा. मी नाव लपवून ठेवतोय असंच त्याला वाटे. एक जण तर दारातून परत आला. "बरं, लोकाईले नका सांगू. तुमी सोता कोणती लावता, तेवढं सांगा."

झाग जास्त येतो ती पेस्ट भारी, ही एक समजूत. झाग साबणासारख्या पदार्थाने येतो, त्याने तोंड भरलं की मनही भरतं आणि माणूस लवकर चूळ भरून मोकळा होतो. दुसरी समजूत, झोंबतं ते औषध. एका बाईंच्या हिरड्या लवंगतेलाने भाजून पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्या मला अभिमानाने सांगत होत्या, "लय पावरफुल हाये." काहींचा राखुंडीवर विश्वास, काहींचा विटकरीच्या भुकटीवर, काहींचा तंबाखूच्या मिश्रीवर. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. दवाखान्यात दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात.

या शेवटच्या समजुतीशी मी दोन वर्षं भांडत होतो. जीव तोडून. आणि आता तिचा पुरावा माझ्या खुर्चीत बसून जिभेने दात हलवत होता.

लिंबाजीकाका मूळचे बाजारहत्नूरकडचे, शेतकरी घरातले. पोरवयातच खाणीवर आले. खाणीत उतरायला अठरा पूर्ण लागत. काकांचं वय पंधराच्या आसपास असेल. भरतीच्या दिवशी त्यांनी आईच्या काजळाने मिशी रंगवली आणि वीस सांगितलं. लिहिणाऱ्याने वीस लिहिलं. मिशी पुढे खरी आली, वय मात्र खोटंच राहिलं. आता कागदावर साठ, म्हणजे रिटायरचं वय, भरत आलं होतं. रिटायर झालं की कंपनीचं क्वार्टर सोडायचं आणि गाव गाठायचं. धाकटी सुमन नववीत होती. काकांना तिला इथे ठेवून इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत शिकवायचं होतं. गावाकडे त्यांच्या वस्तीजवळ हायस्कूल नव्हतं. क्वार्टर सुटलं की पोरीची शाळा सुटली, इतका सरळ हिशोब.

ज्यांच्या वयाचा असा घोळ असे त्यांना मेडिकल बोर्डापुढे जाता येई. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. मग डॉक्टर हाडांचे एक्स-रे बघत, सांधे, डोळे, दात बघत आणि एक वय ठरवत. ते ठरलं की ठरलं.

"बोर्ड तोंड उघडाले लावते," काका पहिल्या दिवशी मला म्हणाले होते. "तुमी माये दात पांढरे करून द्या, कंपाउंडरसाहेब. पंचवीस वर्षाच्या पोराचे असते तसे."

मी तोंड पाहिलं. आतून, खालच्या दातांच्या मागे, कीटणाचा कट्टा झाला होता. दातावरचा मळ रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षाराने दगडासारखा घट्ट होतो, ते कीटण. ब्रशने निघत नाही, हत्याराने खरवडावं लागतं. त्याला स्केलिंग म्हणतात. बाहेरची बाजू याच्या अगदी उलट. तिथे मळाचा कण नव्हता. दात हिरड्यांपाशी खाचा पडून झिजले होते आणि पिवळे दिसत होते.

"काय लावता?"

त्यांनी खिशातून डबी काढली. कसलीशी करडी पूड होती, चिमटीत घेतली तर वाळूसारखी कचकचली. इचोड्याच्या बसस्टँडवर भोंगा लावून विकायला बसतो त्याच्याकडून आणलेली. विकणारा म्हणे स्वतःचे दात दाखवतो.

"काका, ही बंद करा. दातावर पांढरं कवच असते. त्याच्या खाली दात पिवळाच असते. तुमी कवच घासून काढलं."

"पिवळं दिसते म्हणून घासतो."

"घासता म्हणून पिवळं दिसते!"

"मंग घासणं बंद केल्यावर पांढरं होईन?"

"नाही."

"मंग बंद काऊन करू?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. कोर्समधलं, आकृतीसकट. ते मी दिलं. काकांनी मान हलवत ऐकलं आणि डबी परत खिशात ठेवली.

डॉक्टरांनी तोंड पाहून मला बाजूला घेतलं होतं. "दो सिटिंग में करना. और पहले उसको आईना दिखाके समझाना, बाद में क्या दिखेगा."

मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात तो कट्टा बसला होता. असं कीटण रोज मिळत नाही. हातात स्केलर आला आणि मी कामाला लागलो. मोठाले तुकडे ट्रेमध्ये टणटण पडत होते. एका सिटिंगमध्ये सगळं साफ. समजावणं राहून गेलं. आणि नंतर कपाळावरचा घाम पुसून मी मोठ्या झोकात आरसा पुढे केला.

खरी गोष्ट अशी. कीटणामुळे हिरड्या खाली सरकतात, आतलं हाड झिजतं. दात हलायला तेव्हाच लागलेले असतात. कीटण त्यांना सिमेंटसारखं एकत्र धरून ठेवतं. ते काढलं की सगळं उघडं पडतं. फटी दिसतात, दात लांब दिसतात. आजार जुना असतो, बोंब मात्र साफ करणाऱ्याच्या नावाने होते.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर गयाबाईंना सांगत होतो. गयाबाई म्हणजे लिंबाजीकाकांची बायको. काकूंनी आदल्या रात्रीपासून जिभेला धार लावून ठेवली होती.

"कवापासून हालत होते म्हणता? काल सकाळी यायनं भुईमुगाच्या शेंगा दातानं फोडल्या!"

"काकू, कीटणानं धरून ठेवले होते ते."

"धरून ठेवले होते नं? मंग सोडवाले कोन सांगतलं होतं तुमाले?"

बाकावर तिघे पेशंट होते. एक उठला, "शिफ्टचा टाइम झाला" म्हणून गेला. दुसरी बाई काहीच न सांगता गेली. तिसऱ्याने तोंडावर रुमाल घट्ट धरला.

काका काकूंच्या मागे उभे होते. ते पुढे झाले आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या. झालं ते झालं. तुमी असं करा, कीटण परत लावून द्या."

"काय?"

"कालचंच. फेकलं नसन नं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माणूस गंभीर होता.

"काका, ते परत लागत नाही!"

"सोमवारपुरतं. बोर्ड झाला की काढा."

आतून डॉक्टरांनी मला तेलुगूत 'काय रे' अशी हाक मारली. "एमय्या, अंदर भेजो उनको." त्यांनी एकदा तोंड पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. बारीक तार घेऊन त्यांनी हलणारे तीन दात शेजारच्या घट्ट दातांना मागून बांधले. हलणं थांबलं. फटी तशाच राहिल्या.

"दो सिटिंग," काका गेल्यावर हात धुताना ते एवढंच म्हणाले.

शनिवारी काका तार दाखवायला आले. तोंड उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. हिरड्यांवर लाल ओरखडे होते, खाचांमध्ये करडी पूड अडकली होती.

"परत घासलं?"

"दोनदा. सकाळी आन् संध्याकाळी. फटी तं बुजत नाई, निदान पांढरे तं दिसू द्या."

आता मात्र माझा तोल गेला. आकृती, कवच, क्षार, सगळं बाजूला ठेवलं. "काका, तुमी शेतकऱ्याच्या घरचे. बाजारात बैल घेता तवा काय पायता?"

"दात पायतो."

"पांढरे हाये का पिवळे, ते पायता?"

"रंग कोन पायते? दोन दाती हाये का चार दाती, ते पायतो. सगळे दात येऊन जुळला असन तं झिजले किती ते..."

ते थांबले. हात खिशाकडे गेला. डबी बाहेर आली, त्यांनी ती उघडली, पूड चिमटीत घेऊन बोटांवर चोळली.

"मंजे म्या सोताच झिजवले."

मी ट्रे बाजूला सरकवला.

"झिजलेलं परत भरून येते का?"

"नाही, काका."

त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन सायकलला टेकून उभे राहिले. दोन वर्षं मी लोकांना भाषणं देत होतो. जे पटलं ते बैलाने पटवलं, आणि तेही सोमवारच्या तोंडावर.

सोमवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर बोर्डाच्या ठिकाणी गेलो. माझा आत काही उपयोग नव्हता, पण घरी बसवेना. बाहेर निंबाखाली मी आणि काकू बसलो होतो. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. सुमनही आली होती, शाळेच्या गणवेशात. तिने मला आईच्या डब्यातली भाकर दिली, तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं.

काका दुपारी बाहेर आले.

"काय झालं?" तिघांनी एकदमच विचारलं.

"एक्स-रे पायला. गुडघे वाकवून पायले. डॉक्टर दुसऱ्याले म्हने, हाडं तं पंचावन्नची दिसून राह्यली. म्या खूश. मंग म्हने, तोंड उघडा." काका खाली बसले. "पायलं त्यानं. म्हने, दात साठीचे हाये. दोघं थोडा वेळ इंग्रजीत बोलले."

"मग?"

"अठ्ठावन लिवलं."

काकांना चारेक वर्षं हवी होती. मिळाली दोन. सुमनने बोटांवर काहीतरी मोजलं. नववी, दहावी. तिसरं बोट तिने दुमडून घेतलं.

मला सांगायचं होतं की बोर्डाने जे पाहिलं ती पुडीची झीज होती, वर्षानुवर्षांच्या घासण्याची. फटींनी थोडी भर घातली असेल, तेवढी माझी. पण काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उरलेली भाकर मुकाट्याने खाल्ली. क्वार्टरांमध्ये संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. कंपाउंडरने लिंबाजीचे दात घासले आणि दोन वर्षं घासून टाकली. त्या महिन्यात स्केलिंगला कुणी फिरकलं नाही. भोंगेवाल्याची पूड मात्र बेल्लमपल्लीच्या बसस्टँडवरही मिळायला लागली.

दोन वर्षांनी काका गावी गेले. सुमन तोवर दहावी पास झाली होती. नंतर एकदा सुट्टीत इचोड्याला गेलो असताना बैलबाजारात काका दिसले. एका पांढऱ्या खोंडाचा ओठ वर करून दात बघत होते. मला पाहून हसले. फटींतून दिसलं, मागची तार अजून जागेवर होती.

"सुमन काय करते?"

"मामाकडे राहून इंटर करून राह्यली. तुमची काकू आठवण काढते."

"चांगली?"

"आठवण काढते," ते म्हणाले.

मी सहज खोंडाच्या तोंडाकडे वाकलो. काकांनी झटकन त्याचा ओठ सोडला आणि मालकाला हाक मारली, "ओ भाऊ, या माणसाले जनावराच्या तोंडाशी जाऊ देऊ नको. चार दातीचा म्हतारा करते, आन् बैल तुया हाती राह्यते."

मी अजून हेच काम करतो. लोक अजून पेस्टचं नावच विचारतात आणि मी अजून चिडतो. एवढाच फरक पडला की आरसा मी आता काम सुरू करण्याआधी देतो, आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने "कीटण आहे, हिरड्या सरकल्यात, दात हलतात" असं म्हटल्याशिवाय स्केलरला हात लावत नाही.