कुलपातला फोन

चाकूरला तहसीलसमोर रजियाचं सेतू केंद्र आहे. भूकंपाच्या साली तिचे अब्बा महेबूबभाई याच जागी टाइपरायटर घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज टाइप करून देत. 'उद्या या' असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लेकीकडे कंप्यूटर आला, पण खोड तीच. मी निवृत्त मास्तर. जिवंत असल्याचा दाखला काढायला दरवर्षी तिच्याकडे जातो आणि तिची बोलणी खाऊन येतो.

त्या दिवशी माझ्यापुढं विमलबाई होत्या. त्यांचा आलोक लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला. त्याच्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याच्या अर्जाची पावती पाचच्या आत निघाली नाही, तर राखीव जागा हातची जाणार होती. अर्ज पक्का करणारा ओटीपी जात होता आलोकच्या फोनवर, आणि फोन होस्टेलच्या कपाटात, कुलपात. दोन ओटीपी वाया गेले होते. तिसरा गेला की अर्ज दिवसभरासाठी बंद.

रजियानं वॉर्डनला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आईनं सांगितलं तरी फोन द्यायचा न्हाई, असं आईनंच लिहून दिलंय. बदलायचं तर समोर येऊन सही करा."

रजिया भडकली. "लेकराचं भलं करायलात का वाटोळं, विमलताई?" रजियानं हाताला धरून त्यांना लातूरच्या जीपमध्ये बसवलं. पावणेतीन वाजले होते.

मग रजिया आमची कामं करत होती, पण नजर घड्याळावर. परक्याच्या पोरासाठी मीही मिनिटं मोजत होतो. चार चाळीसला विमलबाईंचा फोन आला. आलोकचा मोबाइल मिळाला होता, पण बंद, चार्जिंगच नव्हतं.

"वॉर्डनचा चार्जर लावा की!" रजिया ओरडली.

चार बावन्नला मोबाइल सुरू झाला. रजियानं तिसऱ्यांदा बटण दाबलं. विमलबाईंनी एकेक आकडा सांगितला, रजियानं प्रत्येक आकडा पुन्हा विचारून घेतला. चार सत्तावन्नला पावती निघाली. सगळ्या रांगेचा जीव भांड्यात पडला.

"आता पोराला पोटभर भेटून या," रजिया हसत म्हणाली.

"न्हाई भेटत. पेपर चालू हाय त्याचा," विमलबाई म्हणाल्या. "खिडकीतून पाठ दिसली. लई वाळलाय. फोन परत कुलपात ठेवायला लावते अन् निघते."

रजियानं ओढणीनं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "मास्तर, बोट ठेवा मशीनवर!"

मी ठेवलं. त्याच बोटानं मीही डोळे पुसले होते; ओल्या बोटाला मशीननं दोनदा नापास केलं.