खटक्याची सही

कारखान्यात तिला सगळे व्हर्नियरबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. खिशात कायम व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, आणि जीभ त्याहून धारदार. प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअर म्हणून तिची अकरा वर्षं इथे गेली होती, आणि या अकरा वर्षांत तिला एकाच माणसाची मनापासून चीड होती, ती म्हणजे साहेबाची. डोकं हिचं खपायचं आणि मिरवायला हा. आयत्या बिळावरचा नागोबा नुसता!

यंदा विजेची किटली होती. झाकण पकडून ठेवणारा प्लास्टिकचा खटका तिने अडीच मिलिमीटर जाड ठेवला होता. सव्वीस नमुने मोडल्यावर ती या आकड्यावर आली होती. साहेबाने तो दीडवर आणला, कारण पातळ प्लास्टिक लवकर थंड होतं आणि साच्यातून किटल्या भराभर निघतात.

"अहो, आधी पातळच काढू," तो म्हणाला. "साच्याचं पोलाद मागाहून कोरता येतं. तक्रारी आल्या की खटका जाड करू."

साचेकामाची ही रीत खरीच आहे. पोलाद कोरलं की साच्यातली पोकळी वाढते आणि वस्तू जाड निघते; पोलाद पुन्हा भरणं मात्र महाकठीण. म्हणून नवं माप आधी हात राखूनच कापतात. पण ही रीत दिसण्या-बसण्याच्या मापांसाठी. उकळत्या पाण्यावरच्या झाकणासाठी नव्हे.

"तक्रार म्हणजे कुणीतरी भाजणार, साहेब."

"तुम्ही फक्त सही करा."

डिझाइन करणाऱ्याच्या सहीशिवाय साचा कापायचा नाही, असा तिथला नियम होता. तिने सही केली नाही. घरी आई करवादली, "पाण्यात राहून माशाशी वैर! एका सहीने तुझं काय झिजणार आहे?" आईचाही तिला त्या दिवशी भयंकर राग आला. ती न जेवताच उठली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने दीड मिलिमीटरचा खटका लावलेल्या नमुन्याच्या किटलीत काठोकाठ पाणी उकळलं आणि ती टेबलावर तिरकी धरली.

"साहेब, याच्याखाली हात धरा."

साहेबाने खुर्ची मागे सरकवली. खोलीत कुणी हसलं नाही. तिला वाटलं, जिंकले. तिने किटली आणखी तिरकी केली. खटका सुटला, झाकण फटकन उघडलं आणि वाफाळतं पाणी टेबलभर पसरलं.

साहेबाने रुमालाने कागद पुसले. "या कामातून तुम्ही मोकळ्या," तो शांतपणे म्हणाला आणि ड्रॉइंग धाकटीपुढे सरकवलं. धाकटी म्हणजे हिच्याच हाताखाली तयार झालेली इंजिनिअर. व्हर्नियर धरायलाही हिनेच शिकवलं होतं. धाकटीने मान खाली घालून सही केली.

बाहेरच्या जिन्यावर हिने तिला गाठलंच. अंगाची लाही लाही झाली होती.

"पाणी सांडलेलं पाहिलंस ना डोळ्यांनी?"

"पाहिलं."

"मग ही किटली स्वतःच्या घरी नेशील?"

"छे हो ताई," धाकटी चटकन म्हणाली. "घरात दोन वर्षांची पोर आहे माझी."